दान की वेठ?

मोबदला न घेता केलेल्या कामाला आपल्या भाषेत दोन नावे आहेत. मनाने केले तर ते दान. मनाविरुद्ध करून घेतले तर ती वेठ. गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलखात हे दोन्ही शब्द पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. तलावाची पाळ फुटली की गाव जमून ती बांधते. आणि जमीनदाराच्या नि ठेकेदाराच्या काळातल्या वेठीच्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून अजूनही ऐकायला मिळतात. तेव्हा फरक अगदी उघड आहे, असे वाटते. पण दान म्हणून सुरू झालेले काम, करणाऱ्याच्या नकळत, वेठ होऊ शकते काय? आणि झालेच, तर ते ओळखायचे कशावरून? ऐन दिवाळीत, फराळाचे ताट समोर असताना असला प्रश्न काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. प्रश्न तसा खेळातूनच निघाला आहे.

आमच्या शाळेत नववीत एक मुलगा आहे. त्याला माइनक्राफ्ट नावाच्या व्हिडिओ गेमचे वेड. पडद्यावर चौकोनी ठोकळे फोडायचे, रचायचे, घर बांधायचे, खाण खणायची, असा तो खेळ. या खेळाचा एक ज्ञानकोश आहे आणि तो खेळणाऱ्यांनीच लिहिला आहे. कोणता ठोकळा कशाने फुटतो, कोणता प्राणी अंधारात निघतो, कोणत्या वर्षी कोणता नियम बदलला, याची हजारो पाने. हा मुलगा मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यात दुरुस्त्या करतो. ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत निघाली तेव्हा हशा झाला. ‘खेळाचा ज्ञानकोश! मग उद्या पतंगाचे पुराण!’

मला मात्र यात हसण्याजोगे काही वाटत नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. कुस्ती, मल्लखांब, देशी खेळ यांची माहिती त्यांत इतक्या निष्ठेने नोंदली आहे की, आज आखाडे ओस पडले तरी डाव कागदावर शाबूत आहेत. तेव्हाही कोणी तरी हसलेच असेल. विषय लहान म्हणून त्याची निष्ठा लहान ठरत नाही. शिवाय, नववीतला मुलगा ‘याला आधार काय?’ असे विचारायला शिकतो, ही गोष्ट आमच्या वर्गांत रोज घडत नाही.

ज्ञानकोश म्हटला की मराठी माणसाला पहिल्याने आठवतात ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. १८८४ साली रायपूरला जन्मलेला हा माणूस अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परत आला आणि त्याने महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संसार आमच्या विदर्भात, नागपुरास मांडला. पुढे तो पुण्यास हलविला. १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंड बाहेर पडले. त्यासाठी केतकरांनी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदारांचे उंबरठे झिजविले, आणि त्या सगळ्या यातायातीचा इतिहास ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहून ठेवला. (‘गोंडवनातील प्रियंवदा’ ही कादंबरीही त्यांचीच. त्यांच्या कादंबऱ्यांत ज्ञानकोश फार शिरतो, अशी तक्रार होते. ज्याने एवढे वाचले त्याने ते ठेवावे तरी कुठे?) सांगायचे ते एवढेच की, केतकरांच्या कोशाचा धनी कोण, हे कधी विचारावे लागले नाही. मंडळ होते, भागीदार होते, संपादक होता. पुढे वाईला विश्वकोश सुरू झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. तिथे धनी सरकार होते. लिहिणाऱ्याला आपण कोणासाठी लिहितो हे ठाऊक होते.

मग विकिपीडिया आला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. त्यात लिहिणाऱ्याला ना मानधन, ना पानावर ठळक नाव. मजकूर सर्वांचा, कोणीही घ्यावा, छापावा, विकावासुद्धा, फक्त मूळ सांगावे आणि पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी, अशी अट. याला मी शुद्ध दान म्हणतो. पण शुद्ध दानालाही राखण लागते. २००२ साली या ज्ञानकोशावर जाहिराती येतील अशी नुसती शंका आली, तर स्पॅनिश भाषेतले बरेच लेखक उठले आणि त्यांनी आपला वेगळा कोश मांडला. विकिपीडियावर जाहिराती आजतागायत आल्या नाहीत.

माइनक्राफ्टच्या कोशाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तो २००९ साली सुरू झाला. हौशी मंडळींनी लिहायचे आणि कोणा कंपनीने आपल्या संगणकांवर जागा द्यायची, अशी व्यवस्था पुढे झाली. जागेचा खर्च जाहिरातींतून निघे. २०१८ साली ती जागा, लिहिणाऱ्यांसकट म्हणा ना, दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे गेली. ही फॅंडम कंपनी; २००४ साली विकिपीडियाच्याच जिमी वेल्स यांनी अँजेला बीझली यांच्यासह तिची सुरुवात केली होती. जाहिराती फार झाल्या, पानांच्या मांडणीत आपले चालत नाही, अशी लिहिणाऱ्यांची तक्रार होती. अखेर २०२३ साली त्यांनी आपापसांत विचार केला आणि सगळा कोश घेऊन ते दुसऱ्या पत्त्यावर निघून गेले.

इथे माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाची मती गुंग होते. भावाभावांत शेताची वाटणी झाली तर प्रत्येकाला अर्धे मिळते. या वाटणीत दोघांनाही पुरते शेत मिळाले. जाणाऱ्यांनी सगळे नेले आणि तरी सगळे मागे राहिले. कारण ‘कोणीही घ्या’ असे लिहून देऊनच प्रत्येक ओळ लिहिली होती. मग कंपनीचे गेले काय आणि हौशी मंडळींचे राहिले काय? मागे राहिला तो पत्ता. आठवडी बाजाराची जागा बदलली आणि जुन्या मैदानावर कोणी मालाच्या हुबेहूब राशी मांडून ठेवल्या, तर लांबून येणारा माणूस सवयीने जुन्या मैदानावरच जाईल. माल शिळा होत चालला आहे हे त्याला कळायला वेळ लागेल.

कंपनीने अन्याय केला काय? मला तसे सरसकट म्हणता येत नाही. संगणक फुकट चालत नाहीत आणि केतकरांनाही पैशासाठी दारोदार फिरावे लागलेच. शिवाय जे दिले ते दिले. घेणाऱ्याने त्यावर दोन पैसे मिळविले म्हणून दात्याने हात पुढे करणे शोभत नाही. कर्णाने कवचकुंडले दिली, ती इंद्राने कुठे ठेवली याची चौकशी तो करीत बसला नाही. पण कर्णाकडे रोज नवी कवचकुंडले मागायला कोणी आले असते, तर? माझ्या मते दान आणि वेठ यांच्यातली रेघ इथे आहे. ती पैशात नाही. उद्याच्या कामाविषयी ‘नाही’ म्हणता येते की नाही, आणि कामाच्या रीतीविषयी आपला शब्द चालतो की नाही, यात आहे. तक्रार करूनही जिथे काही बदलत नाही आणि उठून जाण्याची सोय नाही, तिथे आनंदाने केलेले कामही वेठीच्या रस्त्याला लागले असे समजावे. त्या मंडळींना उठून जाता आले, म्हणून ते अजून दाते आहेत.

हा विचार मी आमच्याच जिल्ह्यात शिकलो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला. त्या भागातला बांबू वर्षानुवर्षे कागदाच्या गिरणीकडे जात आला होता. २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. देवाजी तोफा आणि त्यांचे गाव बांबू विकू नका असे म्हणत नव्हते. विकायचा तो आम्हांला विचारून, असे म्हणत होते. आणि गावाचा निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने. एकाचा विरोध असला तरी थांबायचे, पुन्हा बोलायचे. हौशी ज्ञानकोशातही वाद पडला की मते मोजण्यापेक्षा बोलत बसण्याचीच रीत आहे, हे त्या मुलाने मला सांगितले तेव्हा मला गंमत वाटली.

मात्र बांबू आणि माहिती यांत एक फरक आहे, आणि तो मला अस्वस्थ करतो. बांबू तोडला की जागा रिकामी दिसते. माहिती नेली तरी जागा भरलेलीच दिसते. काय गेले ते कळत नाही. हल्ली तर विकिपीडियाचा मजकूर चारून यंत्रांना बोलायला शिकवितात, आणि ती यंत्रे विकली जातात. माइनक्राफ्टच्या ठोकळ्यांची माहिती जगभर गेली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण आता त्या मुलाच्या डोक्यात नवे आले आहे. त्याच्या आजीला रानातल्या भाज्यांची, मुळ्यांची, सालींची माडिया नावे पाठ आहेत, आणि कोणते मूळ कशावर चालते हेही ठाऊक आहे. ते सगळे मराठी विकिपीडियावर लिहावे असे त्याला वाटते. खेळाच्या कोशात घोटलेला हात आता आजीच्या ज्ञानाकडे वळला, याचा मला शिक्षक म्हणून आनंद आहे. आणि भीतीही आहे.

ही माहिती एकट्या आजीची नाही, गावाची आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव अशा माहितीची नोंदवही करायला सांगितले आहे, आणि तिच्यावर धंदा करणाऱ्याने लाभाचा वाटा द्यावा असेही म्हटले आहे. पण ‘कोणीही घ्या’ हा शब्द एकदा गेला की परत घेता येत नाही. न लिहावे, तर आजीबरोबर ती नावे जातील. आणि असे जाणे आम्ही फार पाहिले आहे. लिहावे, तर ज्यांचे आहे त्यांना कोणी विचारले?

मी त्याला ग्रामसभेत विषय मांडायला सांगितले आहे. तोवर त्याने वहीत दोन रकाने पाडले आहेत. एकात भाज्यांची नावे, त्या कोणत्या महिन्यात निघतात, आजी त्या कशा शिजविते, हे सगळे भरत चालले आहे. औषधांचा रकाना त्याने सध्या कोरा ठेवला आहे.