एका पैचा हिशेब आणि वीस वर्षांचा प्लॅन



आजच्या चिंतनाला भगवद्गीतेच्या १८व्या अध्यायातले ४५ आणि ४६ हे दोन श्लोक. थोडक्यात अर्थ असा: आपापल्या कामात जो मनापासून रमतो, त्याला सिद्धी मिळते. ती कशी, तर ज्याच्यापासून हे सगळे जीव आले आणि ज्याने हे सगळं व्यापून टाकलंय, त्याची पूजा आपल्या कामानेच करून.

आमच्या टीममधल्या एका पंचविशीच्या मुलाने मला मागे एक एक्सेल शीट दाखवली होती. वीस वर्षांचा प्लॅन. पगार, फ्लॅट, एसआयपी, आईबाबांचा मेडिक्लेम, सगळं वर्षवार भरलेलं. फक्त सगळ्यात वरची ओळ रिकामी होती, 'लाइफ पर्पज'. म्हणाला, "दादा, हे एकदा सापडलं ना, की बाकीचं सगळं त्याप्रमाणे बदलतो." मला हसू आलं नाही. कारण असाच प्रश्न तुमच्यातले कितीतरी जण मेसेज करून विचारतात. शिवाय गेल्या वर्षी आमच्याकडे कपात झाली, तेव्हा तो माझ्याही मानगुटीवर बसला होता. शेजारच्या डेस्कवरच्या माणसाची चौदा वर्षांची नोकरी पंधरा मिनिटांच्या कॉलमध्ये संपली. मी राहिलो. त्या रात्री होम लोनचं शेड्यूल उघडलं, शेवटचा हप्ता २०४१. आणि वाटलं, आपण जगतोय ते नेमकं कशासाठी? पर्पज म्हणजे आपलं पद असेल, तर ते एका कॉलमध्ये जाऊ शकतं.

इकिगाईची ती चार वर्तुळं तुम्ही पाहिली असतील. काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतात. चित्र वाईट नाही. पण चारही वर्तुळांच्या मधोमध शेवटी मीच उभा असतो. श्लोक ४६ची सुरुवात बघा. तिथे 'मी' नाहीच. आधी 'ज्याच्यापासून हे सगळं आलं तो' येतो, मग माझं काम येतं. म्हणजे गीता 'तुझं काम कोणतं' याच्या आधी 'तुझं काम कोणाला वाहिलेलं आहे' हे विचारतेय. माझ्या मते आपण हा क्रमच उलटा लावतो, आणि मग ती वरची ओळ रिकामी राहते.

(एक बाजूची गोष्ट. याच्या आधीचे श्लोक वर्णांबद्दल आहेत आणि त्यांच्या आधाराने माणसांवर काय काय लादलं गेलं, हे आपल्याला माहीत आहे. जन्माने काम ठरतं, असा अर्थ मी घेत नाही. आपल्या संतांमध्ये माळी आहेत, कुंभार आहेत, शिंपी आहेत, आणि दळण दळणारी जनाबाईही आहे. त्यांनी कामाला पूजा केलं, जातीला नाही.)

आता नाथमहाराजांकडे या. 'लाँग टर्म प्लॅनिंग' म्हटलं की मला तेच आठवतात.

एकनाथ पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले ते लहान वयात. स्वामी किल्ल्याचे किल्लेदार. त्यांनी या मुलाला काय दिलं? हिशेबाच्या वह्या! परंपरेत ही गोष्ट सांगतात की एके दिवशी एका पैचा मेळ बसेना. एकनाथ रात्रभर दिवा लावून बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. प्रॉडक्शनमधला बग रात्री तीनला सापडल्यावर जो आनंद होतो ना, तोच. स्वामी मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, तर हीच एकाग्रता भगवंताकडे लागली तर काय होईल!

ही गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा 'पै क्षुल्लक, देव मोठा' इथे थांबतो. मला ती वेगळी दिसते. स्वामींना शिष्याची तयारी कळली ती वहीतूनच. ४५व्या श्लोकात 'अभिरत' असा शब्द आहे, म्हणजे पूर्ण रमलेला. ते रमणं हिशेबात आधीच होतं. फक्त त्याची दिशा बदलली.

आणि पुढे बघा. गुरूच्या आज्ञेने तीर्थयात्रा झाली. मग पैठणला आल्यावर स्वामींचं पत्र आजोबांच्या हातून मिळालं, असं सांगतात: हे पत्र जिथे मिळेल तिथेच राहा, संसार कर. विचार करा, ज्याला मोठं काहीतरी करायचंय त्याला 'घरी थांब' असा निरोप! नाथ थांबले. भागवताच्या एकादश स्कंधावर मराठी टीका लिहायला घेतली. संस्कृतातलं हे ज्ञान मराठीत कशाला, म्हणून काशीच्या पंडितांनी जाब विचारला, तर तिथे जाऊन १५७३मध्ये ग्रंथ पूर्ण केला. अठरा हजारांहून जास्त ओव्या आहेत त्यात.

मग ज्ञानेश्वरी. माऊलींनी ती १२९०मध्ये सांगितली, त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं हाताने नकला होत होत्या. प्रत्येक नकलेत काहीतरी शिरलेलं, काहीतरी गळलेलं. नाथांनी १५८४मध्ये पाठ ताडून शुद्ध प्रत तयार केली. पन्नाशीच्या आसपास होते. स्वतः एवढे मोठे कवी, पण त्यात आपली एक ओवी घातली नाही, आणि इतरांनीही घालू नये अशी ताकीद दिली. पैचा मेळ लावणारा तो मुलगाच इथे पुन्हा दिसतो, नाही का? देवगिरीच्या वहीत बसलेल्या त्या मुलाला 'तुझा पर्पज काय' असं विचारलं असतं, तर 'ज्ञानेश्वरीचं संपादन' हे उत्तर त्याला देता आलं नसतं. पण तयारी तीच चालू होती.

शेवटचा मोठा ग्रंथ भावार्थ रामायण. तो नाथांच्या हातून पूर्ण झाला नाही. युद्धकांड चालू असताना, १५९९मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी देह ठेवला. उरलेलं काम गावबा नावाच्या शिष्याने पुरं केलं. आपल्या प्लॅनमध्ये आपण हा मुद्दा कधी धरतच नाही. आपलं सगळं रिटायरमेंटच्या आत बसलेलं असतं. हातातलं काम आपल्यानंतर कोण उचलेल, त्याला ते उचलता येईल असं आपण ठेवलंय का, असा कॉलम मी तरी कुणाच्या शीटमध्ये पाहिलेला नाही.

माझं म्हणाल, तर वीस वर्षांची शीट माझीही आहे. ईएमआय भरायचाच आहे, त्यात अध्यात्म आडवं येत नाही. फक्त कपातीनंतर दोन गोष्टी बदलल्या. सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी, आजचं काम कोणाला वाहतोय, हे मनात एकदा म्हणतो. कंटाळवाणी टेस्ट केस लिहायची असली तरी. आणि आठवड्यातून एक तास, मला जे येतं ते ज्युनियर मुलांना शिकवायला ठेवलाय. त्या तासात मी पूर्ण रमतो, हे मला बायकोने सांगितलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढे हेच वाढवावं का, पंचेचाळिशीनंतर पूर्ण वेळ शिकवावं का, ते पैशात बसेल का, हे हिशेब सध्या मांडतोय. अजून मेळ बसलेला नाही.

तुम्ही आज एवढंच करून बघा. गेल्या आठवड्यात कोणत्या कामात वेळेचं भान राहिलं नाही, ते वहीत लिहा. मोबाइल बघण्यातला वेळ धरू नका, तो मीही धरत नाही. आणि ते काम कोणाच्या उपयोगी पडलं, ते त्याच्यासमोर लिहा.

उद्या श्लोक ४७. दुसऱ्याचं काम आपल्यापेक्षा चांगलं का वाटतं, त्याबद्दल. लिंक्डइन उघडायच्या आधी वाचा!

रामकृष्णहरी.