गुळीचा ढीग

औसा तालुक्यात दोन भावांची रानं एका बांधाला लागून होती. काळी, भारी जमीन. आजोबांच्या काळात खरिपाला ज्वारी, मूग, उडीद असायचा. मग सोयाबीन आलं आणि बाकीचं मागं पडत गेलं. थोरल्याच्या ट्रंकेत माती तपासणीचा एक जुना कागद होता. पालाश हेक्टरी 430 किलो. 280 च्या वर असलं की भरपूर समजतात, म्हणून त्याने तो विषयच मिटवून टाकला. पेरणीला दरवर्षी नुसतं डीएपी, ज्यात नत्र 18 टक्के, स्फुरद 46 आणि पालाश शून्य. मळणी झाली की गुळी, म्हणजे सोयाबीनचं भुसकट, विकून तो मोकळा व्हायचा.

धाकटाही तेच करायचा. पण एका वर्षी त्याची गुळी पावसात भिजली, कुणी घेईना, आणि ढीग रानातच कुजला. थोरला त्याला महिनाभर हसला.

पुढच्या खरिपात ऐन शेंगा भरताना पावसाने ओढ दिली. दोन्ही रानं पिवळी पडली. थोरल्याने "मोझॅक आलाय" म्हणत फवारणी केली, आठ दिवसांनी दुसरी केली. दुकानदाराचं तेवढं भलं झालं.

शेवटी माय रानात गेली आणि धाकट्याच्या शेतात एका जागी थांबली. तिथं गोलाकार पट्ट्यात सोयाबीन हिरवंगार होतं.

"हितं गुळीचा ढीग होता न्हवं?" तिने भोवतालच्या रोपाचं खालचं पान तोडलं. "रोग शेंड्याला दिसला असता. हे खालचं पान हाय, अन् कडंनं करपलंय."

कृषी सहायकाने नवा नमुना तपासून आणला. दोघांच्याही रानात पालाश 210 च्या आसपास. दहा क्विंटल सोयाबीन बाजारात गेलं की दाण्याबरोबर सुमारे 20 किलो पालाश जातं, गुळीतलं निराळं, असं त्याने सांगितलं. पानांची छिद्रं उघडणं-मिटणं आणि पानात तयार झालेली साखर शेंगेपर्यंत नेणं पालाशावर अवलंबून. ते कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून शेंगेला देतं. त्यात ओल तुटली की मातीत असलेलंही मुळापर्यंत पोचत नाही.

"मग इतकी वर्षं कसं पिकलं?" थोरल्याने विचारलं.

"पिकलं, म्हणूनच तर तू इचारलं न्हाईस," माय म्हणाली.

त्या वर्षी दाणे बारीक आणि सुरकुतलेले निघाले. पुढल्या पेरणीला दोघांनी एकरी 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश दिलं. उतारा वाढला. पाऊसही वेळेवर झाला होता, त्यामुळे त्यातला पालाशाचा वाटा किती हे सांगणं अवघड. थोरल्याने मात्र सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं.

मळणीनंतर नेहमीचं गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन आलं.

"गुळी देतो की," थोरला म्हणाला, "पण येताना ट्रॉली मोकळी आणायची न्हाई. शेणखत भरून आणायचं."

"दादा, शेणखत लई महाग झालंय."

"मग गुळीबी महाग."