काडीचा भरवसा

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, रानात आग पेटवायला सगळ्यांत भरवशाचं साधन कोणतं?"

पुतण्याने काकाला सल्ला विचारावा असे दिवस आता राहिलेले नाहीत. म्हणून मी आधी त्याची तब्येत विचारली. तब्येत बरी होती. चार मित्रांबरोबर तो भर पावसात हरिश्चंद्रगडावर निघाला होता, आणि तरुणपणी मी तिथे पावसाळ्यातली एक रात्र काढली होती हे त्याने आपल्या वडिलांकडून ऐकलं होतं. ती रात्र मी घरात पुष्कळदा सांगितली आहे. पूर्ण मात्र कधीच सांगितलेली नाही.

"पण तिथे आता शेकोटी-बिकोटी चालत नाही," मी म्हटलं. "१९८६ पासून तो सगळा भाग अभयारण्यात गेलाय."

"पेटवायची नाहीच आहे काका. पण वेळ आली तर पेटवता आली पाहिजे."

हे मला पटलं. आमच्या घरात 'वेळ आली तर' या सदराखाली एक अख्खं कपाट भरलेलं आहे. त्यात दोन कंदील आहेत, एक कुबडी आहे आणि लग्नात आलेला, अजून न उघडलेला एक डिनर सेट आहे. त्याची वेळ कधी येणार हे आमच्या हिलाच ठाऊक.

रविवारी पुतण्या पिशवी घेऊनच आला. पिशवीत लायटर, काडेपेटी, एक भिंग आणि फेरो रॉड नावाची करंगळीएवढी काळी सळई निघाली. आम्ही गॅलरीत बादली भरून ठेवली आणि परीक्षा सुरू केली. परीक्षा सोपी होती. प्रत्येकाला पाण्यात बुडवायचं, बाहेर काढायचं आणि 'पेट' म्हणायचं.

भिंग पहिल्याच फेरीत बाद झालं. ते भिजलं तरी बिघडत नाही, पण त्याला सूर्य लागतो. ऑगस्टमध्ये सह्याद्रीत सूर्य दिसला तर लोक हात जोडतात, त्याच्याकडे विस्तव मागत नाहीत. लाकडावर लाकूड घासण्याचा प्रकार आम्ही बोलूनच निकालात काढला. यज्ञात अरणी घुसळून अग्नी काढतात तो निघतो हे खरं. पण तिथे लाकूड निवडलेलं आणि वाळवलेलं असतं, घुसळणारे तयार असतात, आणि मुख्य म्हणजे कुणाला चहाची घाई नसते.

लायटर बाहेर काढल्यावर गप्प राहिला. त्याचं चाक ओलं झालं होतं. शर्टाला पुसून, फुंकर मारून दहा मिनिटं ठेवल्यावर पेटला. एकूण गुणी मुलगा, फक्त थंडीत कच खातो. त्यातला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायला तयार नसतो, म्हणून हिमालयात त्याला छातीशी धरून ऊब द्यावी लागते. वारा सुटला की ज्योत आपल्याच अंगठ्याकडे वळते ते वेगळंच.

फेरो रॉडनं मात्र कमाल केली. पाण्यातून काढला, पुसला, पातं खरवडलं आणि ठिणग्यांचा पाऊस! पेट्रोमॅक्सच्या बत्तीला जे मँटल लागतं त्याचा शोध लावणारा आउअर फॉन वेल्सबाख, त्यानेच १९०३ साली हा धातूही काढला. लायटरच्या चाकाखालचा खडा म्हणजे याचंच पिल्लू. पण तो ठिणगी देतो, ज्योत देत नाही. ठिणगी पडायला काहीतरी कोरडं, तलम असावं लागतं. ओल्या वर्तमानपत्रावर आम्ही वीस वेळा ठिणग्या पाडल्या. अग्रलेखसुद्धा पेटला नाही. मग कापसाला व्हॅसलिन चोळून पाहिलं, तो पहिल्याच झटक्याला भपकन पेटला आणि चांगला दोन-तीन मिनिटं जळला. दुसऱ्या झटक्याला दोरीवरचा टॉवेलही थोडा पेटला. तिथे आमच्या हिनं परीक्षा स्थगित केली.

राहिली काडेपेटी. ती तर बुडवताक्षणीच संपली होती, लगदाच झाला तिचा. पण मला खरा जिव्हाळा तिचाच. दोन रुपयांची वस्तू. २०२१ च्या डिसेंबरपर्यंत ती एक रुपयालाच मिळत होती, आणि भाव दुप्पट झाला तरी कुठे मोर्चा निघाला नाही. पुतण्याला मी तिची गोम समजावून सांगितली. काडीच्या गुलात आग धरायचा मसाला असतो, पण ती पेटवणारा तांबडा फॉस्फरस असतो पेटीच्या कडेला. दोघांना मुद्दाम वेगळं ठेवलंय, म्हणून तिला सेफ्टी मॅच म्हणतात. याचा अर्थ असा की काड्या कितीही कोरड्या राखल्या आणि कड ओली झाली, तर त्या काड्या दात कोरायलाच उपयोगी. ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली नाही.

"मग एकच सांगा," पुतण्या म्हणाला. "भरवशाचं काय?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. 'संध्याकाळी सांगतो' म्हणून त्याला जेवायला बसवलं.

माझी आजी रात्री चूल निजवताना एक शेणी राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख बाजूला सारली की आत विस्तव जागा असायचा. कधी विझलाच तर आम्हा पोरांपैकी एकाला लोखंडी पळी देऊन शेजारी पिटाळायची, "जा, विस्तव घेऊन ये." घरात काडेपेटी होती, पण काडी जाळणं हा उधळेपणा समजला जाई. शेजारीण आपल्या चुलीतला एक निखारा पळीत टाकायची. तिचं काय जायचं? काही नाही. निखारा दिला म्हणून चूल विझत नाही. त्यामुळे विस्तव द्यायला नकार देणं याचा अर्थ एकच, भांडण. दोन घरांचं फाटलं की त्यांच्यात 'विस्तव जात नाही' असं आपण अजून म्हणतो. पैसे जात नाहीत किंवा भाजी जात नाही असं नाही म्हणत. ज्याला द्यायला काही लागत नाही तेसुद्धा देईनासे झाले म्हणजे संपलं, असा त्याचा अर्थ.

काडीनं हे सगळं बदललं. इंग्लंडमधल्या स्टॉक्टन गावच्या जॉन वॉकर या औषधविक्याने १८२७ साली घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. भल्या माणसाने पेटंटसुद्धा घेतलं नाही, ज्याला हव्या त्याने कराव्यात. आणि त्याच्या काडीनं जगाला काय दिलं, तर मोजता येणारा विस्तव. निखारा दिला तर उरतो, काडी दिली की एक कमी होते. पेटीत नऊ होत्या, आठ राहिल्या. जिथे मोजदाद आली तिथे माणसाची बुद्धी कशी चालते हे मी हरिश्चंद्रगडावर पाहिलं. दुसऱ्या कुणाची नव्हे, माझीच.

साल १९८१, ऑगस्ट महिना. आम्ही तिघं खिरेश्वरहून तोलार खिंडीनं वर चढलो तेव्हा आमच्या अंगावर कोरडं असं काही उरलं नव्हतं. देवळाजवळच्या एका गुहेत पथारी टाकली. पण मी हुशार! फोटोच्या रिळाची प्लॅस्टिकची डबी असे ना, घट्ट झाकणाची, तीत मी अकरा काड्या आणि पेटीच्या कडेचा कापलेला तुकडा घालून आणला होता. दोन काड्यांत चहा आणि खिचडी झाली. स्टोव्ह विझवून आम्ही पडलो, तेवढ्यात गुहेच्या तोंडाशी बॅटरी चमकली.

पलीकडच्या गुहेतला एक मुलगा होता. विशीचा असेल. "दादा, एखादी काडी असेल का? आमची पेटीच्या पेटी भिजली."

डबी माझ्या खिशात होती. मी मनात हिशेब केला. नऊ. सकाळच्या चहाला दोन, न पेटल्या तर आणखी दोन, उतरताना कुठे वेळ आली तर दोन, सिगरेटला तीन. बरोबर नऊ. जास्तीची एकही नव्हती.

"नाही हो," मी म्हटलं. "आमच्याही सगळ्या भिजल्या."

गुहेत रॉकेलचा आणि खिचडीचा वास भरून राहिला होता. स्टोव्ह अजून गरम होता. त्यानं एकदा तिकडे पाहिलं आणि "बरं बरं, असू द्या" म्हणून तो वळला.

घरी ही गोष्ट सांगताना मी एक वाक्य नेहमी पुढे ढकलत आलोय. त्यांच्यातल्या एकाला हुडहुडी भरली होती, दातावर दात वाजत होते, हे 'आम्हाला नंतर कळलं' असं मी सांगतो. नंतर नाही. त्या मुलानं काडी मागतानाच ते सांगितलं होतं. आणि माझे दोन्ही मित्र जागे होते. कुणी काही बोललं नाही. तो गेल्यावर मी एक सिगरेट ओढली.

सकाळी डबी उघडली. सिगरेटच्या वेळी ओल्या हातांनी उघडून झाकण नीट लावलं नव्हतं बहुतेक. काड्या ठीक दिसत होत्या, पण कडेच्या तुकड्याला ओल येऊन तो मऊ पडला होता. तीन काड्या घासल्या, तर तांबडा लेपच सोलून गुलाला चिकटला. दगडावर घासल्या. काही नाही. पलीकडच्या गुहेतून मात्र धूर येत होता.

"तू बोललास, तू जा," मित्र म्हणाले. गेलो.

त्यांच्याकडे रात्री एक म्हातारा गुराखी पावसातून आसऱ्याला आला होता. त्याच्या बटव्यात चकमक होती, पोलादाचा तुकडा होता आणि बांबूच्या नळकांड्यात सावरीचा कापूस. बादलीतल्या आमच्या परीक्षेला तो बसला असता तर पहिला आला असता. आजारी मुलगा घोंगडी पांघरून झोपला होता. त्याचा श्वास मी मुद्दाम ऐकला.

"या दादा," कालचाच मुलगा म्हणाला. "तुमच्याकडेही काड्या नाहीत म्हणालात ना, म्हणून बाबांना सांगून विस्तव राखून ठेवलाय. म्हटलं, सकाळी चहाला तरी लागेल तुम्हाला."

मी खोटं बोललो होतो ते त्याला कळलं होतं की नव्हतं? पहिली काही वर्षं मी कळलं नसावं असं धरून चाललो. मग काही वर्षं, कळलं असावं आणि त्यानं टोला मारला, असं धरून चाललो. त्यात जरा बरं वाटायचं. आता वाटतं, त्याला स्टोव्हचा वास आला होता आणि तरीही त्यानं विस्तव राखला. यातलं काय खरं ते सांगता येत नाही. स्वतःपुरतं राखून ठेवू नये असं मी म्हणत नाही. राखून ठेवलं नाही तर वेळ आली की काय करणार? पण त्या रात्री वेळ आलीच होती. फक्त माझ्यावर आली नव्हती, एवढंच. आणि आपण जे 'वेळेला' म्हणून बाळगतो ते कुणाच्या वेळेला, हे काही त्या डबीवर लिहिलेलं नसतं.

बाबांनी दोन निखारे डब्याच्या झाकणात घालून दिले. मी वर दुसऱ्या हाताचा आडोसा धरून भुरभुर पावसातून निघालो. झाकण तापलं होतं. हात बदलता येत नव्हता. आणि पावलागणिक खिशातली डबी खुळखुळत होती. आठ काड्या. वाटेत एकदा ती दरीत फेकून द्यावी असं वाटलं, पण दोन्ही हात गुंतले होते.

संध्याकाळी पुतण्या निघाला. त्याच्या पिशवीत मी लायटर टाकला, फेरो रॉड टाकला, व्हॅसलिन चोळलेल्या कापसाचे गोळे एका डबीत भरून दिले. वर दोन नव्या काडेपेट्या, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, रबरबँड लावून.

"एवढं सगळं आहे, मग काडेपेट्या दोन कशाला, काका?"

जिन्यात दिवा लागला नव्हता. ही आतून विचारत होती, डबा दिला का. सांगायचं तर आत्ताच, असं मला फार वाटलं.

"एक भिजली तर," मी म्हणालो.