पाहण्याची किंमत

प्रवासांत माणसाचे डोळे अधिक उघडे असतात, असा एक समज आहे, आणि आम्हींहि तो बरीच वर्षें बाळगला होता. गेल्या फाल्गुनांत लोणारास जाण्याकरितां जालन्याहून निघालों, सिंदखेड राजावरून मेहकरच्या रस्त्यास लागलों, आणि वाटेंत दुसरबीड येथें एका स्नेह्याकडे दोन दिवस मुक्काम केला, तेव्हां तो प्रथम डळमळला. त्या गांवीं एक चित्रकार राहतात. दुकानांच्या पाट्या रंगविणें हा त्यांचा चरितार्थ. छापील फ्लेक्स आल्यावर तो बुडाला, आणि आतां ते मुलांस व क्वचित् आमच्यासारख्या वाटसरूंस जलरंग शिकवितात. स्नेह्याच्या आग्रहावरून आम्हीं दोन सकाळींची शिकवणी धरली. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें पुन्हां विद्यार्थी व्हावें यांत थोडी मौज होती आणि थोडा अहंकारहि होता, हें कबूल केलें पाहिजे.

समोर नांगरलेलें रान होतें. काळी जमीन म्हणून आम्हीं काळ्या रंगांत कुंचला बुडविला. चित्रकारांनीं रंगाची वडी बाजूस सरकविली आणि विचारलें, "काळं कुठं दिसतं तुम्हाला?" खरोखर पाहूं लागलों, तों ढेंकळें उन्हांत करडीं, सावलींत जांभळट आणि बांधाजवळ चक्क तांबूस होतीं! अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट सिएना हे दोन रंग कमीअधिक मिसळून दोन तासांत ती जमीन कशीबशी कागदावर उतरली. काळ्याची गरज पडली नाहीं. म्हणजे आजवर आम्हीं जमीन पाहिलीच नव्हती, तिचें नांव तेवढें वाचलें होतें. लोणारच्या सरोवराचें पाणी जून २०२० मध्यें गुलाबी झालें तेव्हां लोक चकित झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत तो रंग खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा ठरला. परंतु त्यापूर्वीं तें पाणी कोणत्या रंगाचें होतें, असें कोणी विचारलें असतें तर आमच्यापैकीं किती जणांनीं सवयीनें 'निळें' म्हणून सांगितलें असतें!

कोल्हापूरचे अबालाल रहिमान, जे १९३१ मध्यें वारले, त्यांनीं कोटितीर्थाचें तळें पुनःपुन्हां रंगविलें. एकाच तळ्याकडे इतक्यांदा परतणाऱ्या माणसाला तें आपल्याला कळलें असें बहुधा वाटत नसावें. आम्हांस मात्र एका सकाळींतच दुसरबीड कळल्यासारखें वाटूं लागलें होतें.

दुसऱ्या सकाळीं त्याच बांधावरून एक वृद्ध बाई पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन येत होत्या. चित्रास माणूस हवाच होता. लुगड्यासाठीं तांबड्याचा एक फटकारा, भाऱ्यासाठीं करडी रेघ, आणि खांद्यावरील उन्हाकरितां सोडलेला कोरा कागद. जलरंगांत उजेड लावावयाचा नसतो, तो राखावयाचा असतो, हें आदल्या दिवशींच शिकलों होतों. पाव मिनिटांत बाई चित्रांत आल्या आणि चित्र उभें राहिलें. आम्हांस फार आनंद झाला.

त्यांनीं जवळ येऊन भारा उतरविला आणि वांकून कागद पाहिला. "पेंटरभाऊ, हे मीच हाय का? अन् माहं तोंड कुठंय?"

"तोंड काढायचं तर दोन घंटे बसावं लागंल, मावशी," चित्रकार हंसून म्हणाले. "तुमचा रोज बुडंल."

माणसाला केवळ साधन मानूं नये, हा कांटचा दंडक आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला आहे. नुसत्या पाहण्यानें कोणाचें काय जातें, हा त्यावरील विद्यार्थ्यांचा नेहमींचा आक्षेप. आणि तो अगदींच पोकळ नाहीं. इतक्या अंतरावरून चेहरा दिसत नाहीं, तेव्हां कलेच्या दृष्टीनें तो फटकारा बिनचूकच होता. पण ढेंकळांसाठीं आम्हीं दोन तास दिले होते आणि बाईंसाठीं पाव मिनिट! जमिनीचें 'काळी' हें नांव खोडून तिला पाहावयास शिकलों. 'भारा वाहणारी बाई' हेंहि तसलेंच एक नांव आहे, हें ध्यानांत आलें नाहीं. तें खोडण्याची इच्छाच आम्हांस झाली नव्हती, कारण चित्र त्यावांचून पुरें होत होतें. फटकाऱ्याचा दोष नव्हे; दोष असलाच तर त्यानंतरच्या समाधानाचा.

आणि एवढें कळूनहि पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. बाई म्हणाल्या, "हा कागद मले देता का, साहेब? नातीले दाखवीन."

आम्ही म्हणालों, "रंग अजून ओला आहे."

फाल्गुनांतल्या वऱ्हाडी उन्हांत जलरंग वाळावयास कितीसा वेळ लागतो! चित्रकारांनीं एकदां कागदाकडे व एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि ते मुकाट्यानें कुंचले धुऊं लागले. बाईंनींहि पुन्हां मागितलें नाहीं. भारा डोक्यावर चढवावयास तेवढा हात लावा, असें त्या म्हणाल्या. आम्हीं हात लावला. चित्रांतल्या करड्या रेघेवरून वाटला होता त्याहून तो पुष्कळच जड निघाला.

तें चित्र हल्लीं आमच्या बैठकींत असतें. येणारेजाणारे जमिनीच्या रंगाची स्तुति करतात.