अपत्ये किती, हे ठरविणार कोण?

राष्ट्राची लोकसंख्या किती असावी याची चिंता राज्यकर्त्यांनी वाहावी, हे रास्त होय. परंतु एखाद्या घरी पाळणा केव्हा हलावा हे ठरविण्याचा अधिकारही त्यांना त्या चिंतेतून प्राप्त होतो काय? आमच्या मते होत नाही.

प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हा या विषयाचा नुसता उच्चारही अशिष्ट गणला जाई. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ साली काढलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी खटले सोसावे लागले. स्त्रीला नको असलेले मातृत्व तिच्यावर लादले जाऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९५२ पासून सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतले; पण त्या आग्रहाची जागा हळूहळू आकड्यांनी घेतली. १९७६ साली तर आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले! राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळेच त्याचा कायदा झाला नाही.

कायद्याची सक्ती टळली, तरी जननप्रमाण उतरतच गेले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये आढळली. लोकसंख्या स्थिर राहण्यास सुमारे २.१ लागतात. मुलींचे शिक्षण, उशिराचे विवाह, बालमृत्यूंतील घट आणि नियमनाची सुलभ साधने, ही त्याची सर्वश्रुत कारणे होत. आमच्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे आणखी एक कारण उघड दिसते. आजी-आजोबा कोकणात वा देशावर राहिलेले. पतिपत्नी दोघेही सकाळच्या लोकलने मुंबई गाठणारी. दोन खोल्यांच्या घराचे हप्ते न संपणारे, आणि मूल दिवस मावळेपर्यंत पाळणाघरात. अशा घरी 'एकच पुरे' हा कित्येकदा निश्चय नसून निरुपाय असतो.

आता वारे फिरले आहे. २०२४ साली आंध्र प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी अधिक अपत्यांचा पुरस्कार केला. वृद्धांची संख्या वाढली, तर त्यांना पोसणारे हात कोठून आणावयाचे, असे कोणी विचारील. शंका खोटी नाही. परंतु 'कमी करा' म्हणणारा आणि 'वाढवा' म्हणणारा, दोघेही मातेला विचारावयास विसरतात. नको असलेले मातृत्व लादणे हा जसा अन्याय, तसाच हवे असलेले मातृत्व परिस्थितीने हिरावले जाणे हाही अन्यायच. राज्यकर्त्यांना अपत्ये हवीच असतील, तर त्यांनी उपदेश आवरून परवडणारी घरे, चांगली पाळणाघरे व वेळेवर घरी पोहोचविणाऱ्या गाड्या द्याव्यात. आणि एवढे करूनही स्त्री 'नको' म्हणाली, तर तो नकार निमूटपणे मान्य करावा.