शंकासमाधान : कॉटखालची ट्रंक

शंका : वय 33. सात वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा दिल्या. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, पुढे नाही. दोन वर्षांपासून गावी थोरल्या भावाच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसतो. बरोबरीचे संसाराला लागले, मी आहे तिथेच. पुस्तकांची ट्रंक कॉटखाली आहे. उघडत नाही, पण देऊनही टाकवत नाही. आई म्हणते, साडेसाती आहे. दर शनिवारी मारुतीला तेल घालतो. माझी श्रद्धा कमी पडते का?
– एक वाचक

समाधान : साडेसातीचा हिशेब सोपा आहे. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. जन्मरास, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन धरल्या की साडेसात. म्हणजे कुठल्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. तुमच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांतही ती कित्येकांना असणार. म्हणून कोणी पेरणी थांबवलेली दिसते का? आईच्या समाधानासाठी तेल खुशाल घाला. श्रद्धेत काही उणं नाही.

तुम्ही अडकलात ते त्या ट्रंकेपाशी.

तुकोबांच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. 1630च्या सुमाराचा दुष्काळ. धंदा बुडाला, पहिली बायको गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या पैशांची कर्जखतं इंद्रायणीत सोडायला काढली. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण धाकटा भाऊ कान्होबा आड आला, त्याला आपल्या संसाराची काळजी. तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या, भावाची त्याच्या हाती दिली आणि आपली तेवढी बुडवली. मला या वाटणीचंच जास्त अप्रूप वाटतं. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, आणि भाऊ नको म्हणतो म्हणून आपला वाटाही राखून ठेवला नाही.

तुम्हीही वाटणी करा. ‘पोरगा साहेब होणार’ यातली आईची आशा आईपाशी राहू द्या. ती ओसरायला वेळ लागेल. तुमच्या वाट्याचं मात्र तुम्हीच ठरवायचं. परीक्षा द्यायचीच असेल तर पुढच्या जाहिरातीला अर्ज भरा आणि ट्रंक उघडा. नसेल, तर येत्या रविवारी ती तालुक्याच्या अभ्यासिकेत पोचवा. अधांतरी ठेवू नका.

झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र रविवारची वाट पाहू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोला.

आणखी एक. दुकानात ‘बसतो’ असं लिहिलंत, ‘काम करतो’ असं नाही. भावाशी पगाराचं कधी बोललात का? पुस्तकांची ट्रंक एकट्याला उचलत नाही. दुसरी कडी त्यालाच धरायला सांगा. वाटेत विषय काढता येईल.