आधी तळ, मग गळ

दिवाळी झाली की म्हसवड, दिवड, ढाकणीकडची तरुण मुलं गाड्या काढून गुहागर-वेळणेश्वरला जायला लागली आहेत. दहिवडी, कराड, पाटण, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण असा त्यांचा रस्ता. त्यांतल्या काहींना आता नुसतं समुद्रात डुंबून परत यायचं नसतं, किनाऱ्यावर उभं राहून मासा धरायचा असतो. जाण्याआधी ती माझ्याकडे येतात, कारण माझी नोकरीची बरीच वर्षं गुहागर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. माण, खटाव, आटपाडीकडचे कितीतरी शिक्षक असे कोकणात नोकरीला लागले आणि आंतरजिल्हा बदलीची वाट पाहत तिथेच रमले. मी त्यांतलाच एक. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, रीळ कुठलं घेऊ?" मी म्हणतो, रीळ सगळ्यात शेवटी. आधी जिथं उभे राहणार आहात तिथला तळ कसा आहे ते सांगा.

यावर ती गोंधळतात. खरं तर माणदेशातल्या माणसाला तळ समजावून सांगावा लागू नये. १८७६-७७ च्या दुष्काळात ज्याचं काम हाती घेतलं गेलं तो राजेवाडीचा तलाव आमच्या पिढीने भरलेला पाहिला तसा आटलेलाही पाहिला. पाणी हटलं की सगळं उघडं पडायचं. माण नदीचा जुना पट्टा कुठून जातो, खडक कुठे आहे, गाळ कुठे साठलाय, शेवटचं डबकं कुठल्या खोलगटात उरतं, हे सगळं डोळ्यांनी दिसायचं. पुढे पाणी आलं की जाणते लोक गळ घेऊन नेमके त्या खोलगटाच्या काठाला बसायचे. वर सगळीकडे सारखंच पाणी दिसत असलं तरी त्यांना खालचं माहीत असायचं. दुष्काळाने आम्हाला बरंच हिरावून नेलं, पण पाण्याखालची जमीन तेवढी दाखवून ठेवली.

समुद्र हेच दररोज दोनदा दाखवतो, तेही दुष्काळ न पाडता. फक्त वेळ माहीत हवी. किनाऱ्यावरची जुनी माणसं पंचांगातल्या तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती साधारण किती वाजता ते कळतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, गावागणिक थोडा फरक पडतो, पण हिशेब चालतो. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत लांब हटतं. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, चढउतार कमी असतो. म्हणजे पौर्णिमेच्या पहाटे पाच-सहाच्या सुमारास जो किनाऱ्यावर जाईल त्याला एरवी पाण्याखाली असलेली बरीच जमीन चालत फिरून पाहता येते. वाळूत लाटांनी पाडलेले लांबट खळगे, त्यांना समुद्राकडे जोडणाऱ्या वाटा, मध्येच वर आलेला कातळ, त्यावरची कालवं. भरती चढताना मासा त्याच खळग्यांतून आत येतो, कारण लाटेने उकरलेलं खाणं तिथं साठतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, मागच्या माडाची किंवा देवळाच्या कळसाची खूण धरून. सामान निवडण्यातलं अर्धं काम इथं झालं.

उरलेलं अर्धं एका खारवी मच्छीमार आजोबांनी मला शिकवलं. त्यांच्याकडे काठी नव्हती, रीळ नव्हतं. प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस (नायलॉनची दोरी), टोकाला वजन, थोडी वर गरी, म्हणजे आपला गळ. बाटली डाव्या हातात धरून उजव्या हाताने वजन गरगर फिरवायचे आणि सोडायचे. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "गुरुजी, आज गरी नको. नुसतं शिसं टाका." मग शिसं टाकून हळूहळू ओढत आणायला लावलं. वाळूवरून ते सरळ, मऊ येतं. खडीवर हाताला बारीक टकटक जाणवते. कातळाच्या फटीत थांबतं आणि मग एकदम सुटतं. चिखलात जड होतं. डोळ्यांना दिसत नाही ते दोरी बोटांना सांगते. आजही नवीन जागेवर मी पहिल्यांदा गरी न लावताच फेकतो. पट्टीच्या गरवणाऱ्यांनाही यात कमीपणा वाटू नये, इतकं त्यातून कळतं.

तेव्हा सामान या क्रमाने निवडावं : तळावरून वजन, वजनावरून दोरी, दोरी आणि वजनावरून काठी, आणि काठीला शोभेल ते रीळ. दुकानात किंवा मोबाइलवर आपण नेमके उलट्या टोकाने निघतो. चकचकीत रीळ आधी, मग त्याला काठी, आणि उरलेल्या पैशात मिळेल ती दोरी नि गरी. माशाची गाठ मात्र रिळाशी कधीच पडत नाही. त्याला भेटते ती गरी, तिच्यावरचं आमिष आणि शेवटची दोन हात दोरी.

वजनाविषयी थोडं जास्त बोललं पाहिजे, कारण तलावावर गळ टाकलेल्या माणसाला त्याचं खरं काम ठाऊक नसतं. तलावात शिशाचा मणी गरी खाली नेण्यापुरता. समुद्रात त्याने आमिष जागेवर धरून ठेवायचं असतं, आणि लाट, वारा, किनाऱ्याला समांतर वाहणारी ओढ तिन्ही त्याच्या विरुद्ध असतात. गुहागरसारख्या सलग वाळूच्या किनाऱ्यावर गोल शिसं टाकलं तर ते गडगडत बाजूला जातं आणि दोरी कडेच्या माणसाच्या दोरीत अडकते. तिथं कोपरे असलेलं, पिरॅमिडच्या आकाराचं वजन वाळूत रुतून बसतं. शांत दिवशी पन्नास-साठ ग्रॅम पुरे. ओढ असली की ऐंशी ते शंभर लागतात. कातळावर मात्र याच्या उलट. तिथं वजन अडकणार हे गृहीतच धरायचं, म्हणून महागडं शिसं वापरायचं नाही. जुना स्पार्क प्लग, गंजका नट चालतो. आणि तो मुख्य दोरीपेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधायचा, म्हणजे अडकलाच तर तेवढाच तुटेल आणि गरी, मासा, उरलेली दोरी हातात राहील. वाळूला एक पद्धत आणि कातळाला दुसरी, हे ज्याला पटलं त्याची निम्मी खरेदी आपोआप कमी होते.

जोडण्या अनेक आहेत, व्हिडिओंत तर रोज नवी. नवख्याला दोन पुरतात. पहिली सरकत्या वजनाची : वजन दोरीत ओवायचं, खाली एक मणी, मग पितळी किंवा स्टीलची फिरकी, आणि फिरकीच्या पुढे दोन-अडीच फूट दोरी नि गरी. माशाने आमिष तोंडात धरून ओढलं तर दोरी वजनातून सरकते, त्याला भार लागत नाही. वाळूवर, पाणी फार खवळलेलं नसताना ही उत्तम. दुसरीत वजन अगदी तळाला आणि त्याच्या वर दोरीच्या वीतभर लांबीच्या फांदीवर गरी, हवी तर आणखी वर दुसरी. ही फेकताना कमी गुंतते, गरी तळापासून उचललेली राहते, म्हणून खडकाळ जागी आणि खेकड्यांचा त्रास असेल तिथं हीच बरी. मी सुरुवातीला हीच बांधायला शिकवतो. दोन गऱ्यांचा मोह मात्र पहिल्या दिवशी नको, एकच लावावी.

गरीच्या आकड्यांनी सगळेच चकतात. सहा नंबर ही दोन नंबरपेक्षा लहान असते, पण एकच्या पुढे गेलं की वन-बाय-झिरो, टू-बाय-झिरो अशा त्या मोठ्या होत जातात. नवखा माणूस मोठ्या माशाच्या आशेने मोठी गरी घेतो आणि वाळूतली मुडदुशी दिवसभर त्याचं आमिष कुरतडून खाते. मुडदुशीचं तोंड इवलंसं. तिला सहा नंबर किंवा त्याहून लहानच हवी. कातळावरच्या पालूला, लहान तांबोशीला एक नंबर ते टू-बाय-झिरो चालते. टोक आत वळलेली, सर्कल म्हणतात ती गरी नवख्यासाठी फार चांगली. मासा वळून निघाला की ती स्वतःच जबड्याच्या कोपऱ्यात बसते, हिसका मारायचा नसतो, उलट मारला तर निसटते. शिवाय ती सहसा पोटात जात नाही, त्यामुळे लहान मासा जिवंत परत सोडता येतो. तो सोडावाच. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी पिल्लांच्या वाढीचं असतं, आणि आपण हौसेने गेलेले लोक आहोत. खारव्याची चूल त्या पाण्यावर चालते.

दोरी साधी एकपदरी नायलॉनची, ०.३५ मिलिमीटरच्या आसपास. विणीची दोरी, जिला ब्रेड म्हणतात, ती बारीक असून ताकदवान आणि अजिबात न ताणणारी, त्यामुळे माशाचा स्पर्श स्पष्ट कळतो. पण कालवांच्या धारेवर ती पटकन कापते, गुंता सोडवता येत नाही आणि नवख्या बोटाला चिरते. नायलॉन थोडी ताणते आणि चुका पोटात घालते. जड वजन जोराने फेकायचं असेल तर पुढे दोन-तीन वाव जाड दोरी जोडावी; दर औंस वजनाला दहा पौंड ताकद, असा ढोबळ हिशेब आहे. शंभर ग्रॅम म्हणजे साडेतीन औंस, म्हणजे पस्तीस पौंडांची जाड दोरी. हा हिशेब फेकणाऱ्यासाठी नाही, शेजारी उभ्या असलेल्यांसाठी आहे. फेकताना दोरी तुटली तर शिसं बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. आणि गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथंच कच्चं होतं. जवळजवळ सगळे सुटलेले मोठे मासे गाठीवर सुटलेले असतात, असं मला वाटत आलंय.

काठी नऊ-दहा फुटांची. तिच्यावर किती ग्रॅम फेकण्यासाठी ती आहे ते छापलेलं असतं. आपलं वजन आणि आमिष मिळून त्या आकड्यांच्या आत बसलं की झालं. बारा फुटी काठी दिसायला छान, पण दिवसभर धरून खांदा भरतो. रीळ चार-पाच हजार मापाचं, साधं, उघड्या स्पूलचं. त्याचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सोडणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या चौथाईवर सुटेल इतका ढिला ठेवावा. घरी आल्यावर ड्रॅग आवळून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. त्यासाठी बादली ओतायची गरज नाही; पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

फेकायला शिकणं मात्र म्हसवडातच करावं, आणि इथं आपण कोकणातल्या माणसापेक्षा सुखी आहोत. ज्वारी निघाल्यावरचं मोकळं रान किंवा माळ, पुढे-मागे माणूस-जनावर नाही अशी जागा, गरी नाही, नुसतं वजन. दोरी पावलांनी मोजता येते, कुठं पडलं ते दिसतं. लांब फेकण्यापेक्षा ठरवलेल्या दगडाजवळ पाडणं साधावं. भरतीला मासा पुष्कळदा पहिल्या फुटणाऱ्या लाटेच्या मागच्या खळग्यात, तीस-चाळीस पावलांवर असतो, आणि नवखे त्याच्या डोक्यावरून पलीकडे फेकत राहतात.

आमिष गावातून नेऊ नये. कणकेचा गोळा आणि गांडूळ तलावापुरतं. किनाऱ्यावरच्या बाजारात सकाळी ताजी कोळंबी, तारली, माकूल मिळतं. कोळंबी सगळ्यांना आवडते, पण जोरात फेकली की सुटते. बारीक दोऱ्याने चार वेढे द्यावेत. माकूल चिवट, लाटेतही टिकतं. मासळी विकणाऱ्या मावशीला विचारावं, इथं काठावर काय लागतंय. ती पिशवीत कोळंबी घालता घालता जे सांगते ते कुठल्याही व्हिडिओत नाही.

पक्कड खिशात हवीच. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. त्याला हाताने धरायचं नाही. पाकटाच्या शेपटीचंही तसंच. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी, त्याने वेदना उतरते, आणि मग दवाखाना. फुगणारा केंड गरीला आला तर दोरी कापून सोडावा. त्याच्या विषावर उतारा नाही, तो खायचा नाही.

आणि मुलांना मी जे बजावून सांगतो ते पायांविषयी. तलावाचं पाणी जिथं आहे तिथंच राहतं, म्हणून आपल्याकडच्या माणसाला पाठीमागून पाणी येण्याची सवय नसते. कातळावर उतरण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा पाहाव्यात. ओला, काळा, शेवाळलेला दगड म्हणजे लाट तिथवर येते. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी चिंचोळ्या फटीतून कसं उसळतं ते एकदा लांबूनच पाहून यावं, म्हणजे पाण्याची ताकद ध्यानात येईल. भरती चढायला लागली की परतीची वाट कोरडी आहे तोवर निघायचं, मासा लागत असला तरी. पावसाळ्यात जायचंच नाही. पहिल्या खेपेला कातळ सोडून वाळूवर उभं राहावं, शक्यतो सप्तमी-अष्टमीच्या आसपास, ओढ कमी असताना. अष्टमीची भरती सहाला, म्हणजे दुपारी दोन-तीनपासून चढतं पाणी मिळतं, आणि दिवस मावळताना पाणी भरलेलं असतं.